सेवेचे समाधान आणि सुरक्षेचा पगार

आपल्या बैठकांत ‘सुरक्षितता’ हा शब्द निघाला की चर्चा कुठे जाणार हे ठरलेलेच असते. रस्त्यावरची छेडछाड, घरातली मारहाण, बंद पडलेले दिवे, ठाण्यात नोंद न होणारी तक्रार. ते सगळे खरेच आहे. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटच्या चौकात सकाळच्या वेळी एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आले, तो दिवस या जिल्ह्यातली कुठलीही बाई विसरणार नाही. पण सुरक्षितता ही जशी आपल्याला हवी असलेली गोष्ट आहे, तसे ते एक कामही आहे. कुणीतरी ते रोज करते. त्यासाठी शिकते, त्याचा पगार घेते किंवा घेत नाही, त्यात वर चढते किंवा वीस वर्षे एकाच जागी राहते. हा कामगार स्त्रियांचा प्रश्न आहे असे आपण फारसे मानलेले नाही. निदान वर्धा जिल्ह्यात बसून तरी आपण तो तसा पाहायला हवा.

वर्धा जिल्ह्यातच का, तर पुलगाव इथे आहे म्हणून. ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि पाठोपाठ स्फोट झाले. आगरगाव, नागझरी अशा लगतच्या गावांतली माणसे अंधारात मुलाबाळांना घेऊन बाहेर पडली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १९ जण गेले. त्यांत मोठी संख्या भांडाराच्याच अग्निशमन दलातल्या माणसांची होती. आग दिसल्यावर सगळे जग ज्या दिशेला पळते त्याच्या उलट जायचे, हीच त्यांची नोकरी. पुढे अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, त्याच भागात सोनेगाव आबाजीच्या शिवाराजवळ जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला. या वेळी सहा जण गेले, आणि त्यांत आसपासच्या खेड्यांतून मजुरीला आलेली कंत्राटी माणसे होती.

पहिल्या वेळी आपण सगळ्यांनी ‘शहीद’ हा शब्द वापरला. दुसऱ्या वेळी मथळ्यांत ‘मजूर ठार’ असे आले. मला शब्दांचा कीस काढायचा नाही. पण या दोन शब्दांच्या मागे दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. भांडारातल्या फायरमनला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे १९,९०० रुपये मूळ पगारापासून सुरुवात होते. वर महागाई भत्ता, रजा, आणि तो गेला तर घरच्या माणसाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळण्याची शक्यता. जीव धोक्यात घालण्याचा हा काही मोठा मोबदला नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवते. माझे भांडण त्या फायरमनशी नाही. कंत्राटी मजुराला मात्र त्या दिवसाची मजुरी. दारूगोळा दोघांच्याही हाताखाली तोच.

आणि मजुरी ही फक्त महिन्याच्या किराण्यापुरती गोष्ट नसते, हे आपल्या गटांतल्या बायकांना मी पुन:पुन्हा सांगत असते. कामावर माणूस दगावले तर १९२३ च्या भरपाई कायद्यात हिशेब असा होता: महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय चाळीस असेल तर तो आकडा १८४.१७. मजुरी ८,००० धरली तर भरपाई ७,३६,६८० रुपये होते. तीच ६,००० धरली तर ५,५२,५१० रुपये. म्हणजे ज्या बाईला जिवंतपणी दोन हजार कमी दिले, ती मेल्यावरही पावणेदोन लाखांहून जास्त स्वस्त पडते. शिवाय हिशेबात धरायच्या मजुरीला कमाल मर्यादा होती ती वेगळीच. ती ८,००० वरून १५,००० व्हायला २०२० साल उजाडावे लागले. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण मजुरीच्या निम्म्यावरून मरणाची किंमत काढण्याची रीत गेलेली नाही. समान वेतनाची मागणी मांडताना आपण हा कोष्टक बायकांपुढे ठेवला पाहिजे. एकदा बघितला की भाषणाची गरज उरत नाही.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यात हे आपण डोळ्यांनी पाहिले. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यांतल्या सहा बायका होत्या. १३ जून २०२४ ला धामण्याच्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला आणि तिथेही मृतांत तरुण बायका होत्या. वाती भरणे, नळ्या बंद करणे, पॅकिंग ही कामे बायकांना का देतात असे विचारले तर उत्तर ठरलेले: बायकांचा हात हलका, बायका चौकस, बायका काळजीपूर्वक काम करतात. अहो, काळजीपूर्वक काम करणे म्हणजेच तर सुरक्षेचे कौशल्य! ते बाईच्या अंगी आहे म्हणून तिला धोक्याच्या टेबलापाशी बसवता, पण कौशल्य म्हणून त्याचे पैसे देत नाही आणि त्या टेबलावर देखरेख करण्याच्या जागेवर तिला नेत नाही. तिथे ते कौशल्य एकदम ‘बायकांचा स्वभाव’ होऊन जाते.

देखरेखीची जागा म्हणजे सुरक्षा अधिकारी. हे पद कायद्याने निर्माण केलेले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात हजार किंवा अधिक कामगार असतील, किंवा सरकारला काम विशेष धोक्याचे वाटेल, तिथे सुरक्षा अधिकारी नेमावा अशी तरतूद होती. हिंगणघाट, देवळी, आर्वी, सेलू इथल्या जिनिंगमध्ये हजार कामगार कुठून असणार? हंगामात कापूस चाळायला, सरकी ओढायला, गंजीवर चढायला बायका असतात. रुईच्या ढिगाला एक ठिणगी पुरते हे त्यांना कुणी शिकवलेले नसते, अनुभवाने माहीत असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि ही मर्यादा पाचशेवर आली, धोकादायक कारखान्यांसाठी अडीचशेवर. आपल्या जिनिंगला यातले काहीच लागत नाही. उलट ‘कारखाना’ म्हणवून घ्यायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी पूर्वी दहा माणसे पुरत, आता वीस लागतात. म्हणजे छोटी जिनिंग या चौकटीतून बाहेरच पडण्याची भीती.

जुन्या कायद्यात बाईविषयी काय होते तेही पाहण्यासारखे आहे. चालत्या यंत्राला तेल घालायला बाईला मनाई. कापूस पिंजणारे यंत्र ज्या भागात चालते तिथे कापूस दाबण्याच्या कामावर बाई ठेवायला मनाई. संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत काम करायला मनाई. ही रात्रीची बंदी महाराष्ट्राने २०१५ मध्ये सैल केली. बाईला धोका आहे ना, मग बाईलाच तिथून उठवा, असा सगळा विचार. यंत्राला जाळी बसवा असे पुरुषाच्या बाबतीत सुचते, बाईच्या बाबतीत तिलाच काढणे सोपे पडते. याचा पुढचा परिणाम फारसा कुणी बोलत नाही. सुरक्षा अधिकारी व्हायचे तर अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका हवी, औद्योगिक सुरक्षेची पदविका हवी, आणि त्याआधी कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून काही वर्षांचा अनुभव हवा. रात्रपाळी करता येत नाही म्हणून मुलीला पर्यवेक्षक करत नव्हते. पर्यवेक्षक नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून पद नाही. आणि मग मुलाखतीत म्हणायचे, ‘मुलींना या क्षेत्रात रसच नसतो.’ आता रात्रपाळी बाईच्या संमतीने चालेल असे संहितेत आले आहे. ती संमती कोण कशी घेते, नकार दिला तर पुढच्या हंगामात तिला बोलावतात का, यावर आपले लक्ष राहिले पाहिजे.

दार अगदीच बंद आहे असे नाही. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर ही पहिली विद्यार्थिनी दाखल झाली, पुढे ओएनजीसीत अग्निशमन अभियंता झाली. हे महाविद्यालय नागपुरात १९५७ पासून आहे, म्हणजे पहिली मुलगी आत जायला पंचेचाळीस वर्षे गेली. रेल्वेने दीड तासावर असलेल्या या संस्थेत आपल्या जिल्ह्यातल्या किती मुली अर्ज करतात? शाळा-कॉलेजांत आपण करिअरविषयी बोलायला जातो तेव्हा परिचारिका, शिक्षिका, पोलीस, बँक एवढेच सांगतो. अग्निशमन हे नावही घेत नाही. यात आपणच थोड्या कमी पडतो.

पण एक हर्षिनी झाली म्हणजे प्रश्न संपला असे मला वाटत नाही. सुरक्षेच्या कामातली बहुसंख्य बाई हेल्मेट घालत नाही, ती साडी नेसते आणि तिच्या खांद्याला पिशवी असते. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट, समुद्रपूर भागात पुराचे पाणी शिरले तेव्हा कोणत्या घरात नववा महिना भरलेली बाई आहे, कोणता म्हातारा उठू शकत नाही, कुणाच्या क्षयाच्या गोळ्या बुडाल्या, हे गावात कुणाला ठाऊक होते? आशा ताईला आणि अंगणवाडी सेविकेला. आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात ज्याला ‘असुरक्षित घटकांची यादी’ म्हणतात ती या बायकांच्या डोक्यात पाठ असते. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मनाचा अंदाज घ्यायचे कामही २०१५ नंतर आशांकडेच आले. घरातला कर्ता माणूस जेवत नाही, बोलत नाही, हे तिने ओळखायचे. हे आपत्ती टाळण्याचे काम नाही तर दुसरे काय?

त्याचा मोबदला पाहा. २०२० च्या कोविडकाळात घरोघर फिरण्यासाठी केंद्राने आशांना महिन्याला १,००० रुपये जादा दिले, दिवसाचे तेहतीस रुपये. १५ जून २०२१ ला राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा राज्याने १,००० रुपये मानधनवाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्या दिवशी नेत्यांची अभिनंदने भरभरून आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप, ७,००० रुपये वाढीचे आश्वासन, आश्वासन पाळावे म्हणून पुन्हा संप, मुंबईत आझाद मैदानात उन्हात मुक्काम, आणि मार्च २०२४ मध्ये हाती आले ५,०००. केंद्राचा नियमित कामांचा मोबदला २०१८ पासून २,००० होता, तो ३,५०० करायचे २०२५ मध्ये ठरले. यातला प्रत्येक रुपया रस्त्यावर बसून मिळालेला आहे, कुणी समाधानाने दिलेला नाही. आणि या सगळ्याला ‘वेतन’ म्हणायचे नाही, ‘मानधन’ म्हणायचे. मान आधी आणि धन नंतर, तेही आले तर. ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच या योजनांवरच्या बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले. आशा मात्र अजून कागदावर स्वयंसेविकाच. वर जो भरपाईचा कोष्टक सांगितला तो तिला लागूच होत नाही, कारण मजुरी नाही तर निम्मा भाग कशाचा काढणार?

‘समाधान’ हा शब्द मी मुद्दाम आणला. अशा बायकांच्या प्रशिक्षणांत शेवटी एक प्रश्न असतोच: तुम्हाला या कामातून समाधान मिळते का? बायका हो म्हणतात. खोटे नसते ते. अडलेली बाई वेळेवर सेवाग्रामच्या दवाखान्यात पोहोचली, सर्पदंश झालेले पोर वाचले, तर त्याचे समाधान कुणाला होणार नाही? देवळी तालुक्यातल्या एका बैठकीत एक ताई याच प्रश्नावर म्हणाली, ‘समाधान त हाये बाई, पन समाधानानं तेलाचा पिपा भरते का?’ सगळ्या हसल्या. मग दुसरी हळूच म्हणाली, ‘साहेबाले बी विचारा ना, त्याले समाधान भेटते का. त्याले त पगार भेटते.’ मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. अधिकाऱ्याच्या कामाचे समाधान मोजतात तेव्हा पगार, बढती, बदली, वरिष्ठांची वागणूक असे सगळे विचारतात. बाईला मात्र पुण्य मिळाले का एवढेच विचारतात, आणि तिने हो म्हटले की तेच उत्तर तिच्या पगाराविरुद्ध वापरतात.

आपल्या जिल्ह्यात हे अधिक चालते, कारण इथल्या हवेतच ‘सेवा’ आहे. शेगावचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. त्या नावाचा मला आदरच आहे. पण सेवा म्हटली की मजुरीचे नाव काढू नये, हा धडा गांधीजींच्या नावावर खपवला जातो तेव्हा मात्र बोलावे लागते. १९३५ मध्ये सूत कातणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः खेड्यातल्या बायकांना, आठ तासांना आठ आणे मिळावेत असा आग्रह गांधीजींनीच धरला होता. खादीच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला: खादी महागेल, खपणार नाही, संस्था बुडेल. तरी त्या ऑक्टोबरात वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला की आठ तास नीट काम करणाराला पुरेसे अन्न आणि वस्त्र मिळेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. प्रत्यक्षात दर आठ आण्यांहून पुष्कळ खाली ठरले, पण तत्त्व मान्य झाले. आणि विनोबांनी नालवाडीला स्वतः रोज तासन् तास सूत कातून, त्या मजुरीत पोट भरते का ते पाहिले. सेवेला मजुरी लागते हे ज्यांनी आपल्या पोटावर तपासले, त्यांच्याच गावात आशा ताईला ‘सेवा आहे, पैशाचे काय’ असे ऐकवतात. एखाद्या सचिवाने महिनाभर तिच्या मानधनात जगून पाहावे अशी मागणी करावीशी वाटते. असो.

पगार देताना जबाबदारी कुणाचीच नसते, पण दुर्घटना झाली की ती नेमकी बाईवर येऊन बसते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशुकक्षाला आग लागून दहा बाळे गेली. वरिष्ठांचे निलंबन, बदली झाली. कंत्राटी परिचारिकांची नोकरीच गेली आणि गुन्हाही परिचारिकांवर दाखल झाला. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण गेले. अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. इमारतीच्या मालकाने किंवा ताबेदाराने परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी-जुलैत आगीच्या साधनांचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. म्हणजे आगीपासून सुरक्षेचे पैसे एकाला, सही दुसऱ्याची, आणि तुरुंग तिसरीला, जिला आग विझवायचे नळकांडे कसे उघडायचे हे कुणी दाखवले होते का, हाच पहिला प्रश्न विचारायला हवा होता. त्या रात्री कुणाचीच चूक नव्हती असे मी म्हणत नाही. जबाबदारी द्यायची तर प्रशिक्षण, अधिकार आणि पगार यांच्यासह द्या, एवढेच म्हणते.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात की पैशाची भाषा आली की गावाची आपुलकी जाते. मला हे पटत नाही. होमगार्डांचा दिवसाचा भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, तेव्हा त्यांची निष्ठा कमी होईल अशी चिंता कुणी केल्याचे ऐकिवात नाही. होमगार्डांत बायकाही आहेत, आणि बंदोबस्ताचे दिवस मिळाले तरच भत्ता, ही त्यांची अडचण कायम आहे. सरकारकडे पैसा नाही हा दुसरा युक्तिवाद. तो दर दंगलीत, दर पुरात, दर साथीत खोटा ठरतो; आपत्ती आल्यावर निघणारा पैसा आपत्तीआधी का निघत नाही, हे विचारत राहायचे.

सध्या आपल्या हातात आहे ते एवढे. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार होतो आणि दर पावसाळ्याआधी त्याची उजळणी होते. त्यात गावपातळीच्या संपर्क-याद्या असतात आणि त्यांत आशा, अंगणवाडी सेविका यांची नावे येतात. सेलू, देवळी, आर्वी, हिंगणघाट इथल्या गटांनी आपापल्या गावाच्या याद्या मिळवाव्यात आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी विचारून लिहाव्यात: या कामाचे वेगळे पैसे मिळतात का, प्रशिक्षण झाले का, विमा आहे का. जिनिंगमध्ये जाणाऱ्या बायकांकडून हंगामातली मजुरी आणि झालेले अपघात नोंदवून घ्यावेत. हजेरीच्या चिठ्ठ्या असतील तर त्या जपून ठेवायला सांगावे, भरपाईच्या वेळी त्याच लागतात. रोहिण्या लागण्यापूर्वी ही माहिती एकत्र आली तर उजळणीच्या बैठकीच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांना भेटता येईल.